आत्याबाईंचं करायचं कोणी? करोनानंतरच्या एका घराचं प्रकरण

हे प्रकरण सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातलं. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी ज्या महिला समुपदेशन केंद्रात काम करते तिथे ते ऑगस्ट २०२१ मध्ये आलं. त्या वर्षी नवरा गेलेल्या बायकांची रीघ लागली होती. वरवर बघितलं तर बहुतेक भांडणं जमिनीची आणि पैशाची. थोडं खोदलं की निम्म्या घरांत अंथरुणावर एक म्हातारं माणूस निघायचं, आणि सगळे हिशेब त्याच्याभोवती फिरत असायचे.

पार्श्वभूमी

सुनंदा तेव्हा ३८ वर्षांची होती. बारावी झालेली, शिवण येणारी. नवरा एका पतसंस्थेचा पिग्मी एजंट: बाजारपेठेतल्या दुकानांतून रोज शंभर-दोनशे गोळा करायचे, रात्री भरणा करायचा, शेकड्यावर कमिशन घ्यायचं. मुलगी नववीत, मुलगा सहावीत. घरात सासूबाई. त्यांना सुनंदा आत्याबाई म्हणते, म्हणून इथेही तेच नाव ठेवते. मोठे दीर पुण्याला कंपनीत, स्वतःचा फ्लॅट घेतलेले. नणंद कोल्हापूरकडे दिलेली. सासरे २००९ मध्येच गेले. गवंडीकामाची कंत्राटं घेऊन त्यांनी चार खोल्यांचं घर बांधलं होतं आणि दीड एकर रान घेतलं होतं. मृत्युपत्र वगैरे काही नव्हतं.

२०२० च्या दिवाळीआधी आत्याबाईंना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. उरला एकच शब्द, "नको". पाणी हवं असलं तरी नको, दुखत असलं तरी नको. समज मात्र बऱ्यापैकी शाबूत. दवाखान्यातून घरी सोडताना सांगितलं गेलं की दर दोन तासांनी कूस बदला. कशी बदलायची, हे कोणी करून दाखवलं नाही. पंधरवड्यात कमरेखाली जखम झाली. मग सुनंदा मोबाइलवर बघून आणि गावातल्या एका निवृत्त नर्सबाईंना विचारून शिकली: ओढायचं नाही, चादरीसकट वळवायचं, पाठीमागे उशी, गुडघ्यांच्या मध्ये उशी, एअर बेडचा पंप लाइट गेली की बंद पडतो, तेव्हा तासाला बघायचं. भरवल्यावर ती उजव्या गालात बोट फिरवून बघायची. लुळ्या पडलेल्या बाजूला भाताचा घास तसाच अडकून राहतो, रोग्याला कळत नाही, आणि आडवं केलं की तो श्वासात जातो. हे तिचं तिनेच शोधलं होतं. आमच्या केंद्रातल्या कोणालाही ते माहीत नव्हतं.

या दोघींचं आधी फार सख्य होतं असं नाही. पहिली मुलगी झाली तेव्हा आत्याबाई आठवडाभर सुनेशी बोलल्या नव्हत्या. सुनंदाची माहेरची शिलाई मशीन "घर म्हणजे काय दुकान आहे?" म्हणून त्यांनी माळ्यावर टाकायला लावली होती, ती दहा वर्षं तिथेच पडून होती. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे जे घडलं ते सासू-सुनेच्या मायेच्या गोष्टीत बसवायचा मोह होतो.

एप्रिल २०२१ मध्ये सुनंदाचा नवरा गेला. राज्यात १४ एप्रिलच्या रात्रीपासून संचारबंदी होती, ऑक्सिजनचा बेड मिळेपर्यंत दोन दिवस गेले, मिळाल्यावर चार दिवसांत सगळं संपलं. अंत्यसंस्कार पालिकेच्या माणसांनी केले. दीर ई-पास काढून दहाव्याला आले आणि लगेच परतले. बातमी आली त्या रात्रीही दोन तासांचा गजर वाजत होता आणि सुनंदा उठत होती.

अडचण

जुलैत मोठे दीर एक तयार कागद घेऊन आले. हक्कसोडपत्र. सुनंदाने स्वतःतर्फे आणि दोन अज्ञान मुलांतर्फे घर व जमिनीवरचा हक्क कोणताही मोबदला न घेता मोठ्या दिरांच्या लाभात सोडायचा, असा मजकूर. तोंडी बोलणं जास्त गोड होतं. "सुनंदा, तुझं नाव लागलं की उगाच तलाठ्याकडे खेटे. मी आहे ना. पोरं सज्ञान झाली की त्यांच्या नावावर करू. आणि आई आहे तोवर तू इथेच राहा, तिचं कर."

या शेवटच्या वाक्यापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. आई आहे तोवर. म्हणजे राहायची मुदत सासूच्या श्वासाला बांधलेली, आणि भाडं म्हणून सेवा. दिरांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. ते खरोखर उदारपणे बोलत होते, अशी माझी समजूत आहे.

त्याच सुमारास पतसंस्थेच्या चेअरमननी निरोप धाडला की नवऱ्याची पिग्मीची लाइन सुनंदाने चालवावी, व्यापारी तिला ओळखतात. घरात उत्पन्न शून्य होतं. यावर दीर म्हणाले की वर्ष व्हायच्या आत बाजारातून फिरणार का, लोक काय म्हणतील. नणंदेने फोनवर वेगळं विचारलं: "तू गेल्यावर आईपाशी कोण?"

दिरांची अडवणूक आपण झिडकारू शकतो. नणंदेचा प्रश्न झिडकारता येत नव्हता.

कागदावर कोणाचं किती

सुनंदा केंद्रात आली ती एकच प्रश्न घेऊन: सही करू का? तिला वाटत होतं की जमीन दिरांचीच आहे, कारण सातबाऱ्यावर त्यांचंच नाव होतं. उतारा काढून बघितला. नावापुढे "ए.कु.मॅ." असं होतं, एकत्र कुटुंब मॅनेजर. सासरे गेल्यावर घरातल्या थोरल्याचं नाव लावून मोकळं व्हायची ही जुनी पद्धत. तशा नोंदीने तो एकटा मालक होत नाही.

तालुका विधी सेवा समितीकडून वकील मिळाले. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली कुठल्याही स्त्रीला मोफत कायदेशीर मदत मिळते, तिचं उत्पन्न किती ते बघत नाहीत. आमच्याकडे येणाऱ्या बायकांना हे क्वचितच ठाऊक असतं. वकीलबाईंनी वहीच्या पानावर मांडून दाखवलं. मिळकत सासऱ्यांची स्वकष्टार्जित, मृत्युपत्र नाही, म्हणजे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बायको, दोन मुलगे, एक मुलगी यांना सारखा वाटा, प्रत्येकी चार आणे. सुनंदाच्या नवऱ्याचे चार आणे त्याच्या मृत्यूनंतर चौघांत वाटले गेले: आई, बायको, मुलगी, मुलगा, प्रत्येकी एक आणा. म्हणजे सुनंदा आणि मुलांचे मिळून सोळा आण्यांतले तीन. आत्याबाईंचे पाच. दीर चार, नणंद चार.

सुनंदाने पानाकडे बघून विचारलं, "वन्संचे पण चार?" त्या घरात नणंदेचा वाटा कोणी तोंडाने उच्चारलाही नव्हता.

आणखी दोन गोष्टी निघाल्या. अज्ञान मुलांची स्थावर मिळकत आईलासुद्धा न्यायालयाच्या परवानगीशिवाय सोडून देता येत नाही, म्हणजे तो कागद मुलांपुरता लंगडाच होता. सुनंदाच्या एक आण्यापुरता मात्र पक्का: एकदा नोंदणी झाली की तो रद्द करायला दिवाणी न्यायालयात जावं लागतं.

दुसरी गोष्ट ज्येष्ठांच्या पालनपोषणाच्या कायद्याची. २००७ च्या या कायद्याप्रमाणे आईवडिलांना सांभाळायची जबाबदारी मुलगा, मुलगी आणि सज्ञान नातवंडांवर येते. त्या यादीत सून नाही. जावई-सुनेला त्यात घालायचं विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आलं होतं, पण त्याचा कायदा झाला नाही. म्हणजे दोन-दोन तासांनी उठणारी बाई कायद्याने बांधलेली नव्हती, आणि जे बांधलेले होते त्यांतला एक पुण्याला होता, एक कोल्हापूरला. हे ऐकून सुनंदाला हायसं वाटेल असं मला वाटलं होतं. ती वैतागली. "कायद्याला काय जातंय? रात्री दोनला कूस कोण बदलणार, कायदा?"

कोणते पर्याय होते

सही करून मोकळं होणं हा पर्याय तिने वहीचं पान बघितल्यावर स्वतःच बाजूला ठेवला.

माहेरच्यांचा आग्रह दुसऱ्या टोकाचा. तिचा भाऊ म्हणाला, पोरांना घेऊन चल, म्हातारीला पुण्याच्या दारात नेऊन सोडतो, मग बघ कसे सरळ होतात. आमच्यातल्या एका सहकारी बाईंचंही जवळपास हेच मत होतं, आणि ते काही चुकीचं म्हणता येत नाही. वर्षानुवर्षं बायकांनी "माणुसकी म्हणून" घरं सांभाळली आणि शेवटी हातात काही आलं नाही, हे आम्ही रोज बघतो. पण पुण्याच्या दारात सोडायचं म्हणजे कोणाच्या अंगावर? दीर सकाळी सातला कंपनीच्या बसने जायचे. म्हणजे जाऊबाईंच्या. एका सुनेची सुटका दुसऱ्या सुनेच्या चोवीस तासांतून निघणार होती. सुनंदाचं कारण याहून साधं होतं: "त्यांना बेडसोर होईल. तिथे कोणाला जमणार नाही." तिने स्वतःच्या हाताने ती जखम भरून आणली होती.

तिसरा पर्याय कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ चा. दिरांनी पुढची खोली रिकामी करून भाड्याने द्यायची भाषा सुरू केली होती. या कायद्याने राहत्या घरातून बाईला कायदेशीर प्रक्रियेशिवाय बाहेर काढता येत नाही, ते घर सासूसासऱ्यांच्या नावावर असलं तरी, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. पण सुनंदा स्वतःच सहहिस्सेदार होती. तिला दिरांशी कोर्टात उभं राहायचं नव्हतं, निदान तेव्हा नव्हतं. मग एवढं केलं की या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे घटनेची नोंद करून ठेवली. अर्ज लगेच पुढे रेटला नाही.

चौथा पर्याय एका नातलगाने सुचवला: आत्याबाईंच्या पाच आण्यांचं मृत्युपत्र सुनंदाच्या नावे करून घ्यायचं. न्याय म्हणून बघितलं तर त्यात तथ्य होतं. मृत्युपत्र नसेल तर आत्याबाईंचा वाटा मुलगा, मुलगी आणि मृत मुलाची मुलं यांच्याकडे जातो. विधवा सुनेला त्यातलं काही मिळत नाही, तिने कितीही केलं असलं तरी. सुनंदाने नाही म्हटलं, आणि तिचं डोकं तिथे आमच्यापेक्षा पुढे धावलं: "बोलता येत नाही, लिहिता येत नाही, माझ्याच घरात डाव्या हाताचा अंगठा. उद्या मी काढून घेतला म्हणतील आणि खरं कोण मानेल?"

उरला तो लांबचा आणि कंटाळवाणा रस्ता. वारस नोंद करून घ्यायची, आत्याबाईंच्या वतीने मुलांकडून निर्वाह मागायचा, आणि सुनंदाचं काम सुरू व्हावं म्हणून घरातलं वेळापत्रक फिरवायचं. या तीन गोष्टी एकमेकींत अडकू द्यायच्या नाहीत, एवढं आम्ही ठरवलं होतं. सेवा करते म्हणून वाटा द्या, असं कुठल्याही कागदावर लिहायचं नाही. वाटा ती वारस आहे म्हणून. सेवा तिच्या मर्जीने. आणि कमाई हा तिसराच प्रश्न. सेवेच्या बदल्यात हक्क मागितला की सेवा थांबली त्या दिवशी हक्कही गेला, आणि आत्याबाईंनंतर तर गेलाच.

आत्याबाईंना विचारलं

इतका वेळ सगळे आत्याबाईंविषयी बोलत होते. त्यांना कोणी विचारलं नव्हतं, कारण त्या प्रत्येक गोष्टीला "नको" म्हणत. सुनंदाचं म्हणणं, नको-नकोत फरक असतो. डाव्या हाताने बोटं घट्ट धरली की होय, हात मागे घेतला की खरं नको.

ऑक्टोबरात नणंद चार दिवसांसाठी आली तेव्हा तिच्यासमोर विचारायचं ठरवलं. सुनंदाला त्या वेळी खोलीबाहेर बसवलं. दोन फोटो: एक पुण्याच्या घराचा, मोठ्या मुलासकट, एक इथल्या ओसरीचा. कुठे राहायचं? तोच प्रश्न उलट करून. मग दुसऱ्या दिवशी सकाळी, जेवणाआधी, पुन्हा. एकाच वेळच्या उत्तरावर भरवसा ठेवायचा नव्हता, कारण थकल्यावर त्या कशालाही हात लावत.

दर वेळी हात ओसरीवर गेला. मग नणंदेने सहज विचारलं, "मी येत जाऊ का गं आई, महिन्याला?" आत्याबाईंनी तिची बोटं अशी आवळली की बांगडी पिचली. नणंद रडायला लागली. त्या घरात पुढे जे काही सुरळीत झालं त्याची सुरुवात माझ्या मते इथून झाली, आमच्या कुठल्याही सल्ल्यातून नव्हे.

पिग्मीचं विचारल्यावर मात्र आत्याबाईंनी हात मागे घेतला. तिन्ही वेळा. सुनंदाने बाहेर जाऊ नये, असं त्यांचं म्हणणं होतं. ते जुन्या वळणाचं मत होतं की एकटं पडायची भीती, हे कळायला मार्ग नव्हता. सुनंदा बाहेर पडली की त्या डाव्या हाताने स्टीलचा पेला खाटेच्या दांडीवर आपटत. आम्ही असं धरलं की कुठे राहायचं याबद्दल त्यांचा शब्द अखेरचा, आणि सुनंदाने काम करावं की नाही याबद्दल तो अखेरचा नाही. पण पेल्याचा आवाज खरा होता, आणि त्याची सोय लावल्याशिवाय सुनंदाचं पाऊल बाहेर पडलं नसतं.

काय केलं

पिग्मीची वेळ आधी बघितली. सकाळी दुकानदार बोहनी झाल्याशिवाय पैसे काढत नाहीत, आणि जुन्या पेठेतले काहीजण दिवेलागणीला गल्ल्यातून पैसा बाहेर देत नाहीत. म्हणून लाइन दुपारी साडेतीन ते साडेसहा अशी बसवली. नवऱ्याच्या वेळेपेक्षा कमी गोळा होणार, हे धरूनच.

त्या तीन तासांत आत्याबाईंपाशी कोण? सुनंदाने उत्तर आधीच ठरवलं होतं: मुलगी शाळेतून आली की बसेल. मुलगी तोपर्यंत नववी संपवत आली होती, पुढे दहावी. मुलगा त्याच वेळी मैदानावर क्रिकेट खेळत असे आणि त्याचं नाव कोणाच्या मनातही आलं नव्हतं, सुनंदाच्याही नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची दिवसाची सरासरी २९९ मिनिटं निघाली, पुरुषांची ९७. ही तफावत घराघरांत कशी तयार होते, ते त्या दुपारी आमच्यासमोर होतं. आम्ही विचारलं, मुलगा का नको? "त्याला काय कळतं?" मुलीलाही आधी कळत नव्हतंच.

शेवटी असं ठरलं: शेजारच्या एक काकू महिना पंधराशे रुपयांवर साडेतीन ते पाच, आणि पाचनंतर मुलगा. पहिले काही दिवस त्याने तोंड फुगवलं. मग आजीला मोबाइलवर जुनी भजनं आणि मधूनमधून स्वतःच्या मॅचचे व्हिडिओ दाखवायला लागला. पेला आपटणं कमी झालं, बंद झालं नाही. गालात बोट फिरवायला तो शिकला, सातवीत. याचं कौतुक करणाऱ्यांना सुनंदा सांगायची, "पोरगी करायची तेव्हा कोणी कौतुक केलं नव्हतं."

जानेवारी २०२२ मध्ये ती पिग्मी गोळा करायची मशीन घेऊन पेठेत उतरली. कुजबुज झाली. दोन दुकानदारांनी खाती बंद केली, चार नवीन उघडली गेली. त्याच वर्षी मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला आणि सरकारनेही त्याचं परिपत्रक काढलं. सुनंदाच्या मोबाइलवर ती बातमी बऱ्याच जणांनी पाठवली. तिची प्रतिक्रिया कोरडी होती: कुंकवाचं झालं, आता पगाराचं बघा.

सरकारी मदतीचं थोडक्यात सांगते. करोनाने मृत्यू झालेल्यांच्या वारसांना मिळणारे ५० हजार तिच्या स्वतःच्या खात्यात आले. मुलांना बालसंगोपन योजनेतून दरमहा ११०० रुपये मंजूर झाले, यायचे तेव्हा थकून एकदम यायचे. संजय गांधी निराधार योजनेची उत्पन्नमर्यादा तेव्हा वर्षाला २१ हजार होती, म्हणजे महिन्याला पावणेदोन हजाराच्या आत. पिग्मी सुरू केल्यावर ती त्यात बसत नव्हती. हजार-बाराशे रुपयांच्या पेन्शनसाठी काम सोडायचं की कामासाठी पेन्शन, हे तिने पाच मिनिटांत ठरवलं.

वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे गेला, नोटिसा निघाल्या. दिरांनी हरकत घेतली, ती टिकण्यासारखी नव्हती. फेब्रुवारीत आत्याबाईंच्या डाव्या अंगठ्याने प्रांत कार्यालयातल्या निर्वाह न्यायाधिकरणाकडे अर्ज गेला. नणंद साक्षीला उभी राहिली आणि स्वतःलाही जाबदेणारांत, म्हणजे ज्यांच्याकडे निर्वाह मागायचा त्यांच्यात, घ्या म्हणाली, मी पण मुलगी आहे ना. दिरांना ही गोष्ट लागली. कायद्याने जास्तीत जास्त दरमहा १० हजार मागता येतात. आम्ही सहा मागितले. समेट अधिकाऱ्यांपुढे दोन बैठका झाल्या आणि मेमध्ये तडजोड झाली: मुलगा महिना चार हजार, मुलगी पैसे नाही पण महिन्यातले पाच दिवस, त्या पाच दिवसांत सुनंदा पूर्ण मोकळी.

दुसऱ्या बैठकीत दीर म्हणाले, "आम्ही काय आईला टाकून दिलं होतं?" सुनंदा त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "नाही भाऊजी, माझ्याकडे दिलं होतं."

काय निष्पन्न झालं

वारस नोंद झाली. सातबाऱ्यावर सहाही वारसांची नावं लागली, मुलांची आईच्या पालकत्वाखाली, आणि नणंदेचंही. वाटप अजून झालेलं नाही. घर एकच आहे, चार खोल्यांचे सोळा आणे करता येत नाहीत, आणि दिवाणी दावा लावायची कोणाची तयारी नाही.

चार हजार सुरुवातीचे सात-आठ महिने नीट आले, मग तुटक. थकबाकीची वसुली मागता येते. सुनंदाने मागितली नाही. तिच्या मते तेवढ्यासाठी पुन्हा प्रांताकडे जाण्यात चार दिवसांची पिग्मी बुडते. काकूंचा पगार त्या पैशांतून जायचा, तो नंतर तिच्या कमिशनमधून गेला.

आत्याबाई डिसेंबर २०२३ मध्ये न्यूमोनियाने गेल्या. तोवर अंगावर पुन्हा जखम झाली नव्हती. बघायला आलेल्या डॉक्टरांनी तेवढं आवर्जून म्हटलं. तेराव्यानंतर दिरांनी घराचा विषय काढला नाही. काढला असता तरी "आई आहे तोवर" हे वाक्य आता कुठल्या कागदावर नव्हतं. माळ्यावरची मशीन खाली आली आहे. मुलीने दहावीनंतर नर्सिंगला जायचं नाही असं निक्षून सांगितलं आणि कॉमर्स घेतलं. नातेवाईक म्हणायचे की तिच्या हाताला गुण आहे. सुनंदाने तिची बाजू घेतली.

वेगळं काय करता आलं असतं

नणंदेशी बोलणं ऑक्टोबरपर्यंत लांबायला नको होतं. वारसांच्या भांडणात मुलींना विरुद्ध पक्षात धरायची सवय असते, कारण बहुतेक वेळा त्या भावाच्या बाजूने सही करून मोकळ्या होतात. इथे तीच कळीची व्यक्ती निघाली. जाऊबाईंशी तर कोणीच बोललं नाही. तडजोडीनंतर कळलं की त्या दोन वर्षं स्वतःच्या वडिलांचं डायलिसिस बघत होत्या, आठवड्यातून दोनदा हडपसर ते ससून. दिरांच्या ताठरपणामागे घरातला तो ताण किती होता, हे विचारलं असतं तर कदाचित पैशाऐवजी दुसरं काही ठरलं असतं.

निर्वाहाचा अर्ज सहा महिने आधी करता आला असता. आधी घरातल्या घरात मिटवू, असा सगळ्यांचाच कल होता. त्या काळात सुनंदा एकटीच ओढत होती आणि मिटवण्याची किंमत तीच भरत होती. तडजोडीत पैसे थेट काकूंच्या खात्यात जातील असं लिहिलं असतं तर कदाचित टिकलं असतं. मुलं आईला पैसे देताना कंटाळतात, पण ठरलेला पगार थकवायला संकोचतात, असा नंतरच्या दोन प्रकरणांतला अनुभव आहे.

मृत्युपत्राबद्दल माझं मत अजून ठरलेलं नाही. डॉक्टरांचा दाखला, नणंदेची उपस्थिती, प्रश्न विचारण्याची तीच पद्धत आणि दुय्यम निबंधकांसमोर नोंदणी, असं करून आत्याबाईंना स्वतःचा वाटा कोणाला द्यायचा हे विचारता आलं असतं. त्यांनी सुनंदाचं नाव घेतलं असतं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण विचारायचंच नाही, हे सुनंदाच्या सुरक्षिततेसाठी ठरलं. आत्याबाईंच्या बाजूने त्या निर्णयाकडे कोणी बघितलं नाही.

आणि सुनंदाची पाठ. दोन वर्षांनी एमआरआय निघाला तेव्हा मणक्यातली गादी सरकलेली होती आणि हिमोग्लोबिन आठच्या खाली होतं. आम्ही तिच्या सातबाऱ्याची, अर्जांची, मुलांच्या योजनांची विचारपूस दर आठवड्याला करत होतो. रक्ततपासणी कोणी करवली नाही. वजनदार माणसाला उचलायला घरी बनवता येणारी सरकती चादर, पलंगाची उंची वाढवायला पायाखाली ठोकळे, महिन्यातून एकदा फिजिओथेरपिस्टने बाईला शिकवून जाणं, हे सगळं पहिल्याच महिन्यात करण्यासारखं होतं आणि त्याला फार खर्चही येत नव्हता.

केंद्राच्या नोंदणी अर्जात आता दोन प्रश्न वाढवले आहेत: घरात अंथरुणाला खिळलेलं कोणी आहे का, आणि रात्री तुम्हाला किती वेळा उठावं लागतं. पहिल्याचं उत्तर बायका लगेच देतात. दुसऱ्याला आधी विचारतात, "ते कशाला हवंय?"